उंबऱ्यापलीकडचा निसर्ग : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

निसर्गाचा सहवास लहानथोर सर्वांनाच मानवतो, असे आपण सहज बोलून जातो. त्यात तथ्य किती आणि ते रोजच्या जगण्यात आणायचे कसे, याविषयी प्रश्न पाठवावेत असे आवाहन मागील अंकात या सदरातून केले होते. आलेल्या पत्रांपैकी पाच येथे संक्षेपाने दिली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे वगळली आहेत.

प्रश्न : आम्ही वास्कोला चौथ्या मजल्यावर राहतो. मुलगी आठ वर्षांची असून गेल्या महिन्यात तिला चष्मा लागला. तिचा धाकटा भाऊ पाच वर्षांचा आहे. ‘दोघांनाही रोज बाहेर खेळू द्या’ असे डॉक्टर म्हणाले. शाळा, शिकवणी आणि गृहपाठ यांतून वेळ उरत नाही. बाहेर गेल्याने डोळ्यांना खरोखर काही फरक पडतो का? आणि माती-चिखलापासून मुलांना दूर ठेवलेलेच बरे नव्हे का? (एक आई, वास्को)

उत्तर : डॉक्टरांनी सांगितले ते केवळ मोबाइल सुटावा म्हणून नव्हे, त्यामागे भक्कम पुरावा आहे. चीनमधील ग्वांगझू शहरात १२ प्राथमिक शाळा निवडून त्यांपैकी निम्म्या शाळांतील पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटे जादा वेळ वर्गाबाहेर ठेवण्यात आले आणि उरलेल्या शाळांचे वेळापत्रक पूर्वीसारखेच राहू दिले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तीन वर्षांनंतर नेहमीच्या शाळांत सुमारे ३९.५ टक्के मुलांना लघुदृष्टी आली होती, तर बाहेर वेळ घालवणाऱ्या मुलांत हे प्रमाण सुमारे ३०.४ टक्के होते. त्या मुलांची पुस्तके काढून घेतली नव्हती किंवा त्यांना डोळ्यांचे व्यायाम दिले नव्हते. फक्त त्यांना उजेडात नेले होते.

कारण उजेडातच आहे. दिवे लावलेल्या खोलीत उजेडाची तीव्रता काहीशे लक्स असते, तर भर दिवसा बाहेर झाडाच्या सावलीतही ती हजारोंच्या घरात जाते. अशा प्रखर उजेडात डोळ्याच्या दृष्टिपटलातून डोपामीन हे द्रव्य अधिक स्रवते आणि वाढत्या वयात नेत्रगोल वाजवीपेक्षा लांबट होण्याला त्यामुळे आळा बसतो, असे तज्ज्ञ मानतात. लागलेल्या चष्म्याचा नंबर मात्र बाहेर खेळून उतरत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. बाहेर राहण्याचा खरा लाभ चष्मा लागण्यापूर्वीच्या वयात होतो. म्हणून मुलीपेक्षाही धाकट्याच्या बाबतीत आज तुम्ही काय ठरवता त्याला अधिक महत्त्व आहे. शाळा सुटल्यावर थेट शिकवणीला न जाता मध्ये पाऊण तास मैदानावर किंवा बायणाच्या किनाऱ्यावर घालवणे शक्य असेल, तर शिकवणीची वेळ बदलून घेण्याइतके ते मोलाचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता मातीविषयी. फिनलंडमधील काही बालवाड्यांच्या अंगणात जंगलातील जमिनीचा थर आणि हिरवळ आणून पसरण्यात आली आणि ३ ते ५ वर्षांची मुले त्यात रोज खेळू लागली. अवघ्या २८ दिवसांत त्यांच्या त्वचेवरील जिवाणूंची विविधता वाढली आणि रोगप्रतिकारक यंत्रणा संतुलित ठेवणाऱ्या काही खुणा रक्तात बदललेल्या आढळल्या. हा प्रयोग २०२० साली प्रसिद्ध झाला. तो लहान होता आणि त्यावरून मातीत खेळणारे मूल आजारीच पडत नाही असे म्हणता येत नाही. पण माती ही मुलांची शत्रू आहे ही समजूत मात्र त्याने खोटी ठरवली. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी माशेलला देवकीकृष्णाच्या देवळासमोरील मैदानात चिखलकाला होतो तेव्हा आजोबा आणि नातू एकाच चिखलात लोळतात आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. हात-पाय स्वच्छ धुणे आणि अंगावर ताजी जखम असताना साचलेल्या पाण्यात न उतरणे, एवढे पथ्य पाळले की पुरे.

एखाद्या रविवारी सवड झाली तर मुलांना रायबंदरहून फेरीबोटीने चोडण बेटावर न्या. पलीकडे उतरले की डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य लागते. ओहोटीची वेळ पाहून गेलात तर खारफुटीच्या मुळांपाशी चिखलावर निवट्या उड्या मारताना दिसतील आणि आपला एकच मोठा नांगा हलवणारे खेकडेही दिसतील. तिवराचे पान न तोडता त्याच्या पाठीवरून बोट फिरवून ते जिभेला लावायला मुलीला सांगा. ते खारट लागते, कारण मुळांवाटे आलेले जादा मीठ हे झाड पानांतून बाहेर टाकते. जिभेवरची ती खारट चव पाठ्यपुस्तकातील कोणत्याही परिच्छेदापेक्षा तिच्या अधिक लक्षात राहील.

प्रश्न : मी पणजीत नोकरी करतो, वय ४४. वर्षातून एकदा आम्ही मित्र मोले किंवा नेत्रावळीच्या रानाच्या बाजूला दोन दिवस राहून येतो. आल्यावर आठवडाभर ताजेतवाने वाटते आणि मग येरे माझ्या मागल्या. निसर्गाचे म्हणून जे फायदे सांगतात, ते सुट्टीचेच फायदे नव्हेत का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : तुमची शंका रास्त आहे आणि संशोधकांनाही ती पडली होती. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही जणांना अॅन आर्बर शहरातील वृक्षोद्यानातून सुमारे पाऊण-एक तास चालायला पाठवले आणि आठवड्याभराने त्याच माणसांना तेवढाच वेळ शहराच्या गजबजलेल्या रस्त्यांवरून चालायला लावले. काही जणांच्या बाबतीत हा क्रम उलटा ठेवला. सुट्टी दोन्ही वेळा सारखी आणि पायांना व्यायामही सारखाच होता. तरीही ऐकलेले आकडे उलट क्रमाने सांगण्याची परीक्षा घेतली तेव्हा झाडांमधून चालून आल्यावरचे गुण लक्षणीय वाढले, रस्त्यावरून आल्यावर तसे झाले नाही. त्यांतील काही फेऱ्या कडाक्याच्या थंडीत झाल्या होत्या आणि तेव्हा चालणाऱ्यांना फारसा आनंदही वाटला नव्हता. तरीही लाभ झालाच.

असे का व्हावे, याचे सर्वांत पटण्याजोगे स्पष्टीकरण मानसशास्त्रज्ञ रेचल आणि स्टीफन कॅप्लन या दांपत्याने मांडले. हिशेब तपासताना, गाडी चालवताना किंवा बैठकीत बसल्यावर आपण लक्ष जाणीवपूर्वक एका जागी धरून ठेवतो, आणि ही धरून ठेवण्याची शक्ती दिवसभरात थकते. हलणारी पाने, पाण्यावरचा उजेड किंवा फांदीवरचा पक्षी यांच्याकडे लक्ष आपोआप जाते, त्यासाठी जोर लावावा लागत नाही आणि तेवढ्या अवधीत थकलेल्या शक्तीला विसावा मिळतो. रहदारीच्या रस्त्यावर तो मिळत नाही, कारण तेथे स्कूटर अंगावर येणार नाही याकडे लक्ष ठेवावेच लागते.

प्रमाणाविषयी म्हणाल, तर इंग्लंडमधील सुमारे २०,००० लोकांच्या माहितीवरून २०१९ साली असे दिसले की, आठवड्यात एकूण १२० मिनिटे किंवा त्याहून अधिक काळ निसर्गात घालवणारे लोक आपली प्रकृती आणि मनःस्थिती चांगली असल्याचे इतरांपेक्षा अधिक प्रमाणात सांगत होते. ही मिनिटे एकाच दिवशी भरली की थोडीथोडी करून, याने फरक पडत नव्हता आणि वृद्धांत व जुनाट दुखणी असणाऱ्यांतही हेच चित्र होते. अर्थात मुळात धडधाकट माणूसच अधिक बाहेर पडतो, हेही त्यामागे काही अंशी असू शकते, म्हणून १२० हा आकडा औषधाच्या मात्रेसारखा मानू नये. पण हिशेब आठवड्याचा आहे, वर्षाचा नव्हे, ही गोष्ट तुमच्यासाठी महत्त्वाची आहे.

मोले-नेत्रावळीला अवश्य जा. मात्र पुढील एक्कावन्न आठवड्यांची तजवीज पणजीतच करावी लागेल. कांपालची जुनी झाडे, मांडवीचा काठ, आल्तिनोचा चढ यांपैकी जे कचेरीच्या वाटेवर असेल तेथे रोज वीस मिनिटे, कानात काही न अडकवता आणि फोन खिशात ठेवून चालत जा. महिनाभरात स्वतःच पारखून पाहता येईल. उदासीनता किंवा चिंता अशी असेल की झोप, भूक आणि कामच बिघडले आहे, तर मात्र फिरण्यावर विसंबून न राहता डॉक्टरांना गाठावे.

प्रश्न : माझे वय ७२. डिचोली तालुक्यातील गावचे घर आणि कुळागर सोडून वर्षापूर्वी मुलाकडे पर्वरीला फ्लॅटमध्ये राहायला आलो. सकाळी उठून करायचे काय, हाच प्रश्न असतो. रात्री झोप लागत नाही आणि दिवसा डोळा लागतो. मुलगा म्हणतो, ‘बाबा, आता आराम करा.’ नातू सोळा वर्षांचा. तो आणि त्याचा मोबाइल. माझ्या वयाला आता निसर्गाचे काय कौतुक? (एक आजोबा, पर्वरी)

उत्तर : काका, मुलाने प्रेमापोटी सांगितले, हे खरे; पण तुमच्या पत्रावरून तुम्हाला आरामच जास्त झाला आहे असे वाटते. कुळागरात असताना तुम्ही ‘निसर्गाच्या सहवासाला’ म्हणून कधी गेला नसाल. पोफळींना पाणी सोडायचे, पडलेली सुपारी वेचायची, केळीचे पिल बाजूला करायचे, मिरीचा वेल चढतो की नाही ते पाहायचे, अशा कामांतून सकाळचा उजेड, चालणे, वाकणे आणि मातीचा स्पर्श हे सारे न मागता मिळत होते. फ्लॅटमध्ये आल्यावर ते एकदम थांबले, आणि झोप बिघडण्यामागे हे मोठे कारण असण्याचा संभव आहे.

आपल्या शरीरातील घड्याळ रोज सकाळच्या उजेडाने जुळवले जाते. सकाळी डोळ्यांत पुरेसा उजेड गेला म्हणजे झोप आणणारे मेलाटोनिन कमी होते आणि रात्री ते वेळेवर पुन्हा वाढते. वयाबरोबर डोळ्यातील भिंग पिवळसर होत जाते आणि या घड्याळाला लागणारा निळसर प्रकाश आत कमी पोहोचतो. म्हणून तरुणापेक्षा वृद्धाला सकाळच्या उजेडाची गरज अधिक असते आणि नेमके वृद्धच दिवसभर खोलीत बसून राहतात. उठल्यावर तासाभराच्या आत अर्धा तास बाहेर काढा. चहा खाली उतरून झाडाखाली घेतला तरी चालेल. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा. हे काही आठवडे नेटाने करूनही रात्र जागूनच जात असेल, तर डॉक्टरांना दाखवा, कारण औषधे, लघवीचा त्रास किंवा मनाची उदासीनता अशीही कारणे त्यामागे असू शकतात.

थोड्या उंचसखल जमिनीवर चालल्याने पायांचा तोल टिकतो. सरळ गुळगुळीत फरशीवर चालून तो तितकासा टिकत नाही. पावसाळ्यात शेवाळलेली वाट मात्र कटाक्षाने टाळा.

कौतुकाविषयी मला अधिक लिहायचे आहे. तुमच्या पिढीला जे ठाऊक आहे ते तुमच्याबरोबर संपू नये, असे मला मनापासून वाटते. चवथीला गणपतीच्या डोक्यावर माटोळी, म्हणजे फळापानांनी सजवलेली लाकडी चौकट, बांधली जाते, तेव्हा नारळाची पेंड, सुपारीचे कात्रे आणि केळ्यांचे घड बाजारातून आणता येतात. पण कांगले, घागऱ्या आणि माट्टीची फळे रानात नेमकी कोठे मिळतात, कोणते फळ खायचे आणि कोणते नुसते बांधायचे, पुढच्या वर्षी पुन्हा मिळावे म्हणून वेलीवर किती ठेवायचे, हे सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. कला व संस्कृती संचालनालय माटोळीची स्पर्धा घेते, ही चांगली गोष्ट आहे. परंतु स्पर्धेतील शंभर वस्तूंची यादी वाचून ही ओळख येत नाही. ती रानात कोणाच्या तरी मागून चालूनच येते.

येत्या चवथीच्या आधी नातवाला घेऊन दोन दिवस गावी जा. ‘मोबाइल ठेव’ असे त्याला मुळीच म्हणू नका. उलट प्रत्येक फळाचा, पानाचा आणि झाडाच्या सालीचा फोटो काढण्याचे काम त्याच्याकडे सोपवा आणि नावे तुम्ही सांगा. सोळाव्या वर्षी उपदेश नकोसा असतो. मात्र आपल्यावाचून अडेल असे काम दिले तर मुले ते मनावर घेतात. त्या वयात मुले रात्री उशिरा झोपतात आणि सकाळचा उजेड त्यांनाही मिळत नाही, तेव्हा दोन दिवस भल्या पहाटे उठून रान तुडवण्याचा लाभ तुम्हा दोघांनाही होईल. पर्वरीच्या बाल्कनीत चार कुंड्यांत मिरची, अळू आणि अबोली लावायचे कामही मुलाच्या परवानगीची वाट न पाहता सुरू करा.

प्रश्न : माझी आई अर्धांगवायूमुळे अंथरुणाला खिळून आहे. बाहेर नेणे शक्य नाही. तिच्यासाठी यातले काही आहे का? (एक मुलगी, मडगाव)

उत्तर : आहे, आणि ते आजच करता येईल. आईचा पलंग अशा रीतीने फिरवा की तिला उशीवरून मान न वळवता झाड दिसेल. संशोधक रॉजर उलरिक यांनी पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयातील पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती आणि उरलेल्यांना विटांची भिंत. ज्यांना झाडे दिसत होती ते रुग्ण सरासरी पाऊण दिवस लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनेची तीव्र औषधेही कमी लागली. हा शोध १९८४ साली प्रसिद्ध झाला, आणि रुग्णालये बांधताना खिडकीचा विचार होऊ लागण्यात त्याचा मोठा वाटा आहे.

खिडकीतून झाड दिसत नसेल तर आवाजाचा उपयोग करा. लंडनच्या किंग्ज कॉलेजने सुमारे १,३०० लोकांकडून दिवसातून अनेकदा मोबाइलवर नोंदी घेतल्या; २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पक्षी दिसल्यावर किंवा ऐकू आल्यावर लोकांचे मन पुढे काही तास अधिक प्रसन्न राहत असल्याचे आढळले. नैराश्याचे निदान झालेल्यांतही तसेच दिसले. पहाटे पंखा बंद करून खिडकी उघडली की मार्च ते जूनमध्ये दयाळ गातो, तो मडगावातही ऐकू येतो. ग्रीलबाहेर कुंडीत जास्वंद लावली तर शिंजीर येईल. आईचा हात चालत असेल तर तुळशीची मंजिरी किंवा मातीचा ओला गोळा त्या हातात द्या. बोट उघडमिटीच्या व्यायामाला रबराच्या चेंडूपेक्षा तो पुष्कळ बरा वाटतो.

याच पत्रात तुम्ही लिहिले आहे की, खिडकीसमोरचा आंबा ‘पालापाचोळा पडतो’ म्हणून तोडावा, असा विषय सोसायटीच्या बैठकीत निघाला आहे. त्याला लेखी विरोध करा. गोव्यात १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार वृक्ष अधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून झाड तोडता येत नाही, आणि ही गोष्ट बैठकीत उभे राहून सांगण्यासारखी आहे. एक झाड तुमच्या आईसारख्या कितीतरी खाटांवरून दिसत असते.

प्रश्न : सत्तरीतील रानात मुलांना न्यावे असे वाटते, पण माकडताप, साप आणि पावसाची भीती वाटते. (एक कुटुंब, म्हापसा)

उत्तर : भीती बाळगण्यापेक्षा माहिती घेऊन जा. माकडताप विषाणूमुळे होतो आणि तो गोचीड चावल्याने माणसाला होतो. सत्तरीत त्याचे रुग्ण आढळले आहेत. साधारण डिसेंबरपासून मेपर्यंत त्याचा जोर असतो. या दिवसांत निघण्यापूर्वी त्या भागातील आरोग्य केंद्राकडे चौकशी करा आणि रुग्ण असतील तर बेत पुढे ढकला. रानात पाचोळ्यावर बसू नका, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, विजारीचे पाय मोज्यांत खोचा आणि घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाकून मुलांचे अंग, विशेषतः कानामागे, काखेत आणि जांघेत नीट तपासा. मेलेले माकड दिसले तर जवळ न जाता वनखात्याला कळवा.

सापांसाठी पायांत बूट आणि हातात विजेरी पुरेशी आहे. आतले दिसत नाही अशा बिळात किंवा दगडाखाली हात घालायचा नाही, हे मुलांना निघतानाच बजावा. पावसाची भीती मात्र खरी बाळगावी. घाटात वर पाऊस पडला की खाली ऊन असतानाही ओहोळ काही मिनिटांत फुगतो, म्हणून जून ते सप्टेंबर धबधब्याखाली मुलांना उतरवूच नये. याच काळात रान सर्वांत सुंदर असते, तेव्हा गावातील वाटेने, शेताच्या मेरेवरून फिरा; टायकिळा (टाकळा) कोठे उगवतो आणि अळमी (रानातली अळंबी) वारुळावर कशी येते, ते गावातील बायकांना विचारा. स्वतः ओळख नसताना अळमी तोडून आणून शिजवू मात्र नका.

परत आल्यावर दोन आठवड्यांत मोठ्यांपैकी किंवा मुलांपैकी कोणाला अचानक जोराचा ताप, डोकेदुखी आणि अंगदुखी सुरू झाली, तर डॉक्टरांना आधी हे सांगा की आम्ही रानात गेलो होतो, आणि कोणत्या गावी व कोणत्या तारखेला गेलो होतो तेही सांगा.